दीड बोटाचा उतार

क्लबाचा इतिहास माझ्या घरी आहे. काचेच्या चौकटीतला तो कागद. शेवटचा साहेब गाव सोडताना क्लबाच्या भिंतीवरून काढून माझ्या हातात देऊन गेला, आणि मीही खुळ्यासारखा दोन्ही हातांनी घेतला. इंग्रजीत टाइप केलेलं दीड पान. शाळेच्या मास्तरांकडून एकदा सबंध वाचून घेतलं. क्लब कुणी काढला, पहिला सामना कुणाशी झाला, कुठल्या मडमेनं चांदीचा पेला दिला, कुठल्या साहेबाचं कुत्रं पॅव्हेलियनच्या मागं पुरलंय, सगळं आहे. लॉनबद्दल दोनच वाक्यं आहेत. 'लॉन तयार करण्यात आलं' हे पहिलं. तयार करण्यात आलं म्हणे! आभाळातून पडलं की काय? कुत्र्याचं नाव आहे आणि लॉन करणाऱ्याचं नाही. दुसरं वाक्य पुढं येईल. ते माझ्यामुळं लिहिलं गेलं आणि तेच मला आजवर गिळता आलेलं नाही.

खरं म्हणजे हे लिहायचासुद्धा कंटाळा येतो. उकिडवं बसून पंचवीस वर्षं लव्हाळा उपटलेल्या माणसाचे गुडघे कसे असतात ते सांगून कळायचं नाही. सकाळी मी उठायच्या आधी ते कुरकुरायला लागतात. पण माझ्यानंतर हा कागदच तेवढा राहील, आणि कुणीतरी तो खरा मानेल, या विचारानं डोकं फिरतं. म्हणून लिहितो.

आधी खेळ काय होता ते सांगतो, कारण लोणावळ्यात राहून गेलेल्या निम्म्या लोकांनाही तो ठाऊक नाही. चाळीस पावलं लांब, चाळीस पावलं रुंद असं हिरवळीचं मैदान, चारी बाजूंनी वीतभर खोल चर. एका टोकाला एक लहान पांढरा गोळा सोडायचा. मग नारळाएवढे काळे लाकडी गोळे जमिनीवरून घरंगळत सोडायचे आणि त्या पांढऱ्याच्या जितकं जवळ जाईल तितकं जायचं. झालं, एवढंच. धावणं नाही, पडणं नाही, ओरडणं नाही. काळा गोळा मुद्दाम एका अंगाला जड केलेला, त्यामुळं तो सरळ जात नाही, शेवटी शेवटी वळतो. ते वळण ओळखण्यातच सगळी गंमत.

वलवणला, आमच्या मूळ गावी, भावकीत याचं लय हसं व्हायचं. ''काय रे, तुझं साहेब काय करत्यात?'' ''गोट्या खेळतात.'' ''एवढी मोठाली माणसं?'' ''एवढी मोठाली.'' आणि मग नेहमीचा प्रश्न, ''त्या गवताला गुरं सोडली तर?'' गवत वाढवायचं, कापायचं आणि फेकून द्यायचं, हे त्यांना काही केल्या पटायचं नाही. मलाही कुठं पटत होतं! पण पॅव्हेलियनच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या, चूल पेटत होती.

तर लॉन माझ्या बापानं केलं. आम्ही त्याला आबा म्हणायचो, सगळं गावच म्हणायचं. धरण झालं तेव्हा आमची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. मी तेव्हा लहान. आठवतो तो आबा रस्त्यावर खडी फोडणारा, रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलणारा, बंगल्यांच्या बागांत खड्डे खणणारा. बैलांची एक जोडी तेवढी त्यानं विकली नव्हती. जमीन नाही आणि बैल पोसतोय म्हणून आई त्याच्या नावानं बोटं मोडायची.

पहिलं मोठं युद्ध संपल्यावर साहेब लोकांनी क्लब काढला. थोडे रेल्वेतले, थोडे पुण्या-मुंबईहून हवा खायला येणारे. त्यांनी आधी पुण्याहून कंत्राटदार आणून लॉन करून घेतलं. विलायतेहून बी आणलं, दोरी लावली, रूळ फिरवला. दिवाळीपर्यंत गवत धरेल म्हणून साहेब खूश होते. आमच्या भागात पाऊस कसा पडतो ते त्यांना कोण सांगणार? श्रावण संपेपर्यंत मैदानात बेडकं पोहत होती. गवत मुळासकट सडलं. वास असा यायचा की रस्त्यानं जाणारे नाकाला पदर लावायचे.

तेव्हा सेक्रेटरी साहेबानं बागेत काम करणाऱ्या सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, हे कुणाला जमेल का. आबा पुढं झाला. ''म्या करतो,'' म्हणाला. साहेबाला मराठी येत नव्हती, आबाला हिंदी येत नव्हती. साहेबानं हात आडवा फिरवून दाखवला, ''एकदम सपाट मंगता. टेबल माफिक.'' आबानं मान हलवली.

मला मिसरूड फुटलं होतं, लग्न ठरलं होतं. बैल हाकायला मीच होतो. आबानं मैदान पुरतं खणलं, कडेनं हातभर बांध घातला आणि त्यात पाणी सोडलं. साहेब व्हरांड्यात उभे राहून बघत होते. दोघी मडमा हसत होत्या. यांनी सडलेलं गवत बरं करायला माणूस आणला आणि त्यानं तर तळंच केलं! पण आमच्याकडं खाचर असंच करतात. पाण्याइतकी खरी पातळी दुसरी कुठली? उंचवटा असेल तर तो पाण्याबाहेर डोकं काढतो. मग बैलांच्या मागं लाकडी फळी जुंपायची, तिच्यावर माणूस उभा करायचा आणि उंचावरचा चिखल ओढून खोलात न्यायचा. फळीवर आबा उभा. गुडघ्यापर्यंत धोतर, पायाच्या बोटांनी फळी धरलेली, डोळे पाण्यावर. इतकी वर्षं पोती उचलून वाकलेला माणूस त्या दिवशी ताठ उभा होता. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

दहा-बारा दिवस हे चाललं. मग आबानं वलवणच्या अंगाच्या कोपऱ्यात बांध फोडला आणि पाणी सोडून दिलं. चिखल वाळत आल्यावर ओढ्याकाठची हरळी आणून बायकांकडून भाताच्या रोपासारखी ओळीनं लावून घेतली. विलायती बियाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांचे डोळे मैदानाकडं. पाऊस कोसळायचा, तासाभरात थांबायचा, आणि लॉनवर थेंबभर पाणी नसायचं. सेक्रेटरी साहेबानं आबाची पाठ थोपटली, क्लबात बक्षीस म्हणून जुना कोट दिला, आणि पुढच्या सभेत सगळ्यांनी साहेबाची पाठ थोपटली. क्लबाचा इतिहास असाच असतो, पाठीवरची थाप वरच्या वर जाते.

पाच-सहा वर्षांनी आबाची कंबर धरली आणि खुरपं माझ्या हातात आलं. तेव्हा मला एक गोष्ट कळली. खेळताना बघत बसायचं हेही माळ्याचं कामच होतं, कारण गोळ्यानं कुठं माती उचकटली तर लगेच दाबावी लागे. बघता बघता ध्यानात आलं की पॅव्हेलियनकडून वलवणच्या अंगाला सोडलेला गोळा थांबायच्या जागी थांबत नाही, हातभर पुढं जातो. उलट दिशेनं सोडला की अलीकडंच बसतो. कडेनं आडवा टाकला तर वळण फसतं. एके दिवशी साहेब नसताना मी दोन खुंट्या, दोरी आणि पाण्याची बाटली घेऊन मापलं. या टोकापासून त्या कोपऱ्यापर्यंत दीड बोट उतार होता.

दीड बोट! आबाच्या हातून चूक झाली होती. खाचराला पाणी पुढच्या खाचरात उतरायला एक अंग किंचित खाली ठेवतात. जन्मभर तेच केलेल्या हातांनी इथंही तेच केलं असणार. माणूस म्हातारा झाला, डोकं म्हणत होतं सपाट, हात म्हणाले खाचर. मी असं समजलो. आणि आबाला विचारलं नाही. सरळ जाऊन विचारायला काय झालं होतं मला? पण आमच्या घरात बापाला असं विचारायची रीत नव्हती, आणि वर त्याला वाईट वाटेल ही भीती. तो दर रविवारी चराच्या कडेला येऊन बसायचा, तासभर लॉनकडं बघायचा आणि निघून जायचा. तेवढाच त्याचा आनंद. त्यात मी कशाला माती कालवू?

मेंबरांनाही तो उतार कळला होता. डोक्याला नसेल, हातांना कळला होता. एक जाडजूड मडम होती, रेल्वेतल्या कुठल्याशा साहेबाची बायको. ती गोळा सोडायच्या आधी सपाट बुटांनी दोन पावलं इकडं-तिकडं टाकायची, आणि तिचा गोळा नेमका पांढऱ्याला जाऊन टेकायचा. बाकीचेही सवयीनं तसं खेळायला शिकले. त्यामुळं आमचा क्लब आपल्या मैदानावर कधी हरायचा नाही आणि पुण्याला गेला की हटकून मार खाऊन यायचा. गाडीतून उतरताना त्यांची तोंडं बघावीत!

हे असं दहाएक वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात पुण्याचा संघ आला, नेहमीसारखा हरला, आणि त्यांचा कॅप्टन चहाच्या टेबलावरून उठून सगळ्यांसमोर म्हणाला की हे मैदान वाकडं आहे. कप हातात तसेच राहिले. आमचा सेक्रेटरी साहेब लालबुंद. तो म्हणाला, आणा तुमचं यंत्र आणि मोजा. कॅप्टन म्हणाला, पुढच्या रविवारीच आणतो. त्यांच्यात एक मोजणी खात्यातला साहेब होता, तो म्हणाला मी येतो.

ते ऐकलं आणि माझं अन्नपाणी तुटलं. उतार सापडला की विचारणार, हे केलं कुणी? आबानं. मग आबाचं नाव जाणार. चौदा-पंधरा वर्षं ज्याच्याकडं बघून तो जगत होता तेच चुकीचं ठरणार, तेही दोन्ही क्लबांसमोर, मडमांसमोर, आमच्या भावकीसमोर, कारण यंत्र बघायला निम्मं वलवण लोटणार हे ठरलेलंच. नोकरी आणि खोल्यांचीही भीती होती, नाही असं म्हणणार नाही. पण खरी भीती आबाची. त्याच्या तोंडाकडं त्या वेळी मला बघवलं नसतं.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ''अवो, मग मामंजीस्नी इचारा की.''

''काय विचारू? तुमचं चुकलं, असं?''

''चुकलं का न्हाई ते तरी इचारा. तुमी आपलं मनातल्या मनात खटला चालवताय.''

मी तिच्यावर खेकसलो. बायकोचं ऐकलं असतं तर कागदात ते दुसरं वाक्य नसतं.

रविवार उजाडला. सकाळी बायको गोठ्यातून आली ती हसतच. ''मामंजी बैलाशी हिंदी बोलत्यात,'' म्हणाली. मी म्हटलं, काहीतरीच काय! ''खरंच. हात जोडून उभं हायती बैलापुढं, आनि साब साब करत्यात.'' मला वाटलं, म्हातारा घाबरलाय, माफी मागायची तयारी करतोय. माझा जीव आणखीनच तुटला.

आबा आला तो स्वच्छ धोतर, साहेबानं दिलेला तो जुना कोट आणि नवं मुंडासं घालून. जोडीतला एक बैल मेला होता, उरलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवून तो थेट चराच्या कडेला त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला. पाठ ताठ. फळीवर उभा होता तशी.

मोजणीच्या साहेबानं तीन पायांवर दुर्बीण उभी केली. सगळ्यांनी एकेकदा आत डोकावून घेतलं, मीही घेतलं. त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. आबा दिसला, डोकं खाली, पाय वर, कोट घालून लटकलेला. मग साहेबानं लाल-काळे आकडे रंगवलेली माणसाहून उंच पट्टी बाहेर काढली आणि इकडं-तिकडं बघून माझ्या हातात दिली. मी ती सांगेल त्या जागी उभी धरायची आणि त्यानं दुर्बिणीतून आकडा वाचायचा. लॉनवर बूट घालून फिरायची कुणाची टाप नव्हती, सपाट तळाचे बूट लागत, ते त्याच्याकडं नव्हते. मी जन्माचा अनवाणी. माझ्याइतका सोयीचा माणूस दुसरा कोण मिळणार?

पहिली जागा पॅव्हेलियनपाशी. पट्टी सरळ जमिनीवर टेकवली. साहेबानं आकडा लिहिला. दुसरी, मधली जागा. तिथं जाता जाता माझ्या मनात ते आलं. आधी ठरवलं नव्हतं, शप्पथ. दंव पडलेल्या गवतात माझा पाय होता, आणि पट्टी टेकवताना मी ती जमिनीवर न टेकवता पायाच्या धाकट्या बोटावर टेकवली. उतार अर्धा, म्हणून बोट लहान. साहेबानं आकडा वाचला, मान डोलावली. मग वलवणच्या कोपऱ्यातली जागा. तिथं मी अंगठा घातला. माझ्या पायाचा अंगठा बरोबर दीड बोट जाड आहे. पट्टी जड होती, नख काळं पडलं, पण मी हललो नाही. असं करत अख्खं मैदान मोजून झालं. वलवणकडच्या जागी अंगठा, मधल्या जागी करंगळी. कळा मस्तकात जात होत्या आणि मनात एकच, आबाचं नाव वाचलं.

साहेबानं वही मिटली आणि म्हणाला, मैदान पाण्यासारखं सपाट आहे. टाळ्या पडल्या. पुण्याच्या कॅप्टननं हात पुढं केला, आमच्या साहेबानं तो दाबला. जाडी मडम तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडं बघून किंचित हसली, आणि मी मान खाली घातली. वलवणची मंडळीही टाळ्या वाजवत होती, कशाला ते न कळता. मी आबाकडं बघितलं, तो आनंदला असेल म्हणून. आबा उठून चालायला लागला होता. टाळ्या संपेपर्यंतही थांबला नाही.

सेक्रेटरी साहेब इतका खूश झाला की त्यानं त्याचे लॉनवरचे जुने सपाट बूट मला दिले. मला ते सैल होते. सुजलेल्या अंगठ्याला मात्र आत जागा मिळाली. घालून घरी आलो. आबा अंगणात बसला होता. त्यानं बुटांकडं बघितलं.

''झाकला का अंगठा?'' म्हणाला.

पन्नास पावलांवरून म्हाताऱ्यानं बघितलं होतं. जो माणूस पाण्यावरची सुरकुती बघून जमीन ओळखायचा त्याला माझा पाय दिसणार नाही? पण हे मला आधी सुचलं नव्हतं.

''आबा, तुमच्यासाठीच केलं,'' मी म्हणालो. ''तुमची चूक उघडी पडली असती.''

''चूक?'' आबा म्हणाला. ''कुनाची चूक?''

''दीड बोट उतार आहे आबा. मी मोजलाय.''

''दीडच हाय. म्याच दिलाय. दोन दिलं आस्तं तर गोळं पळालं आस्तं, एक दिलं आस्तं तर पानी थांबलं आस्तं. हितं पाऊस कसा पडतो म्हाईत न्हाई तुला? सपाट केलं ते सडलं की त्या पुन्याच्या कंत्राटदाराचं. साहेब सपाट म्हनला, म्या मान हलवली. त्याला काय सांगू, कसं सांगू? मला त्याची बोली येत नव्हती.'' त्याला धाप लागली होती. ''पंधरा वरसं झाली. कुनी इचारलं न्हाई, बाबा, हे सपाट हाय तर पानी जातं कुटं? येकानं न्हाई. आज इचारनार हुते. यंत्रानं दाखवलं आस्तं, आनि साहेबानं मला बोलावून इचारलं आस्तं, का दिला उतार? मला येवढं येकदाच सांगायचं हुतं.''

बायको दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

''आनि तू बी इचारलं न्हाईस,'' आबा म्हणाला. मग उठून गोठ्यात गेला.

बैलाशी तो काय बोलत होता ते बायकोनं नंतर मला सांगितलं. बाजारातल्या एका अत्तारवाल्याकडून त्यानं ते वाक्य आठवडाभर घोकून घेतलं होतं. ''साब, पानी को रास्ता मंगता है.'' एवढंच. आठवडाभर एवढंच घोकलं होतं. साहेबानं विचारलं की हात जोडून उठायचं आणि हे म्हणायचं. त्यासाठी कोट, त्यासाठी नवं मुंडासं. आणि मी मध्ये अंगठा घातला.

पुढच्या महिन्यात इतिहासाच्या कागदात दुसरं वाक्य चढलं. लॉनची यंत्रानं मोजणी झाली, ते निर्दोष सपाट असल्याचं आढळलं, आणि याचं श्रेय सेक्रेटरी साहेबांच्या दूरदृष्टीला आहे. मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, राहू दे.

आबा त्यानंतर लॉनवर आला नाही. भांडला नाही, अबोला धरला नाही, रविवारी फक्त आला नाही. मी दोनदा म्हटलं, आबा, सांगू का साहेबाला खरं? तर म्हणाला, ''आता काय सांगतोस? यंत्र खोटं बोललं म्हनशील?'' बरोबरच होतं. मी लबाडी केली हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची माझी छाती झाली नाही. दोन खोल्या, चूल, तीन पोरं. काय सांगू, माणूस असाच असतो.

दुसऱ्या युद्धात निम्मे मेंबर निघून गेले. लॉनच्या एका कडेला सैन्याचे तंबू लागले. पुढच्याच पावसाळ्यात आबा गेला. आदल्या दिवशी पावसाची झड थांबल्यावर त्यानं खाटेवरून विचारलं, ''पानी निघालं का?'' मी म्हटलं, निघालं. ''सगळं?'' सगळं, आबा. शेवटचं बोलणं हेच झालं. मी तेव्हाही माफी मागितली नाही.

मग साहेबांचं राज्य गेलं. साहेब एकेक करून गेले, गोळे कुणी नेले कुणी टाकले, जाडी मडम जाताना माझ्या बायकोला दोन खुर्च्या देऊन गेली. कागद माझ्याकडं आला. जागा मुंबईच्या एका शेटनं घेतली. मी तिथंच राहिलो, कारण जाणार कुठं? त्या पावसाळ्यात त्याचा ओव्हरसियर बांधकामाचा अंदाज घ्यायला आला, पोरगेलासाच, हातात छत्री. पाऊस असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं पॅव्हेलियनच्या वळचणीला उभे राहिलो. पाऊस उघडला. तो लॉनवर उतरला, चार पावलं गेला, बुटाकडं बघितलं, आणखी पुढं गेला, मग परत येऊन चराच्या कडेला थांबला.

''अहो,'' तो म्हणाला, ''इकडं सगळीकडं गुडघाभर पाणी, आणि हितं टिपूस नाही. दिसायला तर सपाट दिसतंय. पाणी जातं कुठं?''

पंधरा आणि वर दहा-बारा वर्षं. तो विचारत होता. आबा बसायचा त्याच जागेवर, चराच्या त्याच कडेला उभा राहून विचारत होता. मी हात जोडले. काय झालं ते मला कळलं नाही, पण तोंडून आलं ते असं आलं, ''साब, पानी को रास्ता मंगता है.''

तो चमकला. ''अहो काका, मी जुन्नरचा आहे,'' म्हणाला. ''मराठीत सांगा की.''

मराठीत सांगायला मी तोंड उघडलं, पण मला बोलवलं नाही. पुन्हा सर आली तसा तो छत्री उघडून निघून गेला.